कालचं इतिवृत्त

घटना समितीच्या बैठकीत संचारस्वातंत्र्याचं कलम चर्चेला निघालं तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. घटना आमची होती, खिडकीखाली रणगाडे परक्या फौजेचे.

मास्तर उठले. "यात 'लष्कराच्या परवानगीने' हे कुणी घुसडलं?"

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "मास्तर, बसा आता. सहानंतर रस्त्यावर दिसेल त्याला गोळी आहे. सगळ्यांना घर गाठायचंय."

मास्तर बोलतच राहिले. बाकीच्यांनी एका हाताने पिशव्या उचलल्या, दुसरा वर केला. मी लघुलेखक. सांगितलं तसं लिहिलं, 'चर्चेअंती एकमताने मंजूर.'

मास्तरांचं घर सगळ्यात लांब, पुलापलीकडे होतं.

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे मी कालचं इतिवृत्त वाचून दाखवलं.

"कुणाची हरकत?" अध्यक्षांनी मास्तरांच्या रिकाम्या खुर्चीकडे न बघता विचारलं.

कुणाचीच नव्हती.