राहीबाईचं शेत

"ह्या गोण्या कुणी हलवल्या?" दौलतने विचारलं.

"मी. सैल बसल्या होत्या. परत रचल्या," राहीबाई म्हणाली.

दौलत मुकादम अकलोलीचा. अंजूरच्या ह्या गोडाऊनच्या साइटवर येऊन त्याला दोनच महिने झाले होते. पण इतकी कामाची बाई त्याने पाहिली नव्हती. पावसाचं पाणी साइटवरची माती, सिमेंट घेऊन उताराने खाली जाऊ नये म्हणून पत्र्याच्या कुंपणालगत दाट कापड ताणलं होतं. गाळ बसायला मोठा खड्डा खणला होता, त्याच्या तोंडाशी वाळूच्या गोण्या. ही सगळी राखण राहीबाईकडे. सरीवर सर आली तरी ती हलायची नाही.

त्याचं कारण दौलतला गावात कळलं होतं. पत्र्यापलीकडच्या उताराला अख्खं गाव राहीबाईचं शेत म्हणायचं. खाली जायचा रस्ता गावाच्या बाजूने, त्यामुळे तो कधी तिकडे गेला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी इथे पहिलं गोडाऊन उठलं, तेव्हा ना कापड होतं ना खड्डा. सिमेंटचं पाणी सरळ तिच्या विहिरीत, बावीत उतरलं. बाव दुधासारखी पांढरी झाली. भेंडी, शिराळी मुळापासून गेली. ती बाव तिच्या नवऱ्याने, राघोने, स्वतःच्या हातांनी खणलेली. तो नुसता कठड्यावर बसून राहायचा. पुढची होळी त्याने पाहिली नाही.

तेव्हा ती साइटच्या मालकाकडे, हरेशशेठकडे गेली होती. "शेठ, पानी अडवा. कापड लावा, खड्डा मारा."

शेठने गाडीची काच अर्धीच खाली केली. "बाई, कापडं लावायला हे काय टेलरचं दुकान आहे?"

मागे बसलेली माणसं खो खो हसली. ते हसणं तिला अजून जेवताना ऐकू यायचं. घास तोंडातच फिरायचा.

या वर्षी मात्र शेठने कुणी न सांगता सगळं केलं. वर दौलतला बजावलं, "गढूळ पाण्याचा थेंब खाली जाता कामा नये." राहीबाई काम मागायला आली, तेव्हा म्हणाला, "ठेव हिला. हिला उतार ठाऊक आहे."

"शेठला पश्चात्ताप झाला, मावशी," दौलत तिला म्हणाला होता.

ती गोण्या रचत राहिली होती.

श्रावणातल्या त्या गुरुवारी सकाळपासून पाऊस कोसळत होता. दहाच्या सुमारास खड्डा काठोकाठ भरला. पंप लावायला दौलत धावत आला आणि जागीच थबकला.

राहीबाई गोण्या ओढून बाजूला फेकत होती. कापड कोयत्याने उभं फाडलेलं. राखाडी चिखलाचा लोंढा पत्र्याखालून धडधडत उताराला लागला.

"मावशी, वेड लागलं काय? तुझ्याच शेतात जातंय सगळं!"

"जाऊ दे."

"अगं, तुझ्या नवऱ्याची बाव हाय ना तिथं?"

"व्हती." तिने पदराने तोंड पुसलं. "आता न्हाय. बुजवली."

दौलतच्या खिशातला फोन वाजला. पलीकडे बायकांची ओरड, भांड्यांचा खणखणाट आणि त्यातून हरेशशेठचा फाटलेला आवाज.

"दौलत, पाणी बंद कर! होमात चिखल शिरला, पाहुणे पाटावरून उठून पळतायत! माझ्या नव्या घराची वास्तुशांत चाललीय रे!"

"घर? कुठं, शेठ?"

"अरे, तुझ्या पत्र्याच्या खाली! दिवाळीत त्या राहीबाईकडून जागा घेतली ना, तिच्यावर!"