धारेपुरतं

राज्य निजामाचं असलं तरी डोंगरकडा गावात काडीमोड व्हायचा तो पंचांपुढंच. तातेराव-द्रुपदाचाही तसाच झाला. पोरगं बापाकडं राहिलं.

"बाजारच्या दिवशी तरी लेकराला भेटू द्या," द्रुपदानं पदर पसरला.

"तशी रीत न्हाई," पंच म्हणाले.

पण तातेरावाची गाय द्रुपदाशिवाय कुणाच्याच हाताला पान्हा सोडीना. पंच पुन्हा बसले. मुक्या जनावराची तकलीफ त्यांना बघवेना. धारेपुरतं द्रुपदानं येऊन जावं, असं ठरलं. रोज ती धार काढी, पोरगं तिच्या पाठीला बिलगून बसे.

चैतात गाय आटली.

"आता काहून येऊन राहिली गं?" सासूनं विचारलं.

गुडघ्यांत चरवी धरून द्रुपदा कोरडे सड ओढीत राहिली. "हाय अजून, आत्याबाई. निघंल थोडं."