बिनओवीचं जातं

पुण्याहून आलेली खुनाची नवी कादंबरी त्रिंबक मास्तरांनी निजामाच्या मोगलाईतल्या घाटनांदुरात, मारुतीच्या पारावर शेवटपर्यंत वाचून दाखवली. सासऱ्याच्या खुनाचा संशय सुनेवर होता, पण खुनी निघाला दिवाणजी! माणसं खूश होऊन उठली. पाराखाली बसलेली बायनाबाई तेवढी उठली नाही.

"खोटं हाय, मास्तर. खून सुनंनंच केला."

"अहो, त्या वेळी ती दळत होती. शेजारणीनं जात्याची घरघर ऐकली, असं छापलंय."

"घरघरच ऐकली ना? ओवी कुठं ऐकली? बाईमाणूस मुक्यानं दळतंय व्हय? जातं कुण्या गड्यानं फिरवलं, अन् ही तिकडं गेलती."

पारावर हशा पिकला. बायनाबाईला अक्षर काळं की पांढरं, तेही ठाऊक नव्हतं. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी त्याच दिवशी लेखकाला पत्र टाकलं.

दोन महिन्यांनी पुण्याहून जाड पुडकं आलं. आत पुस्तक नव्हतं, हातानं लिहिलेले कागद होते. वर लेखकाची चिठ्ठी होती: 'नवी कादंबरी पाठवतो आहे. आधी बायनाबाईंना वाचून दाखवा. खुनी त्यांना सापडला नाही, तरच छापीन.'