बोटीची वही

अण्णांच्या तेराव्याला कन्नडहून मुंजाबाकाका आले. दोघे नौदलात एकाच बोटीवर होते, आणि ती बोट समुद्रात पेरलेले सुरुंग काढायची. जेवणं उरकल्यावर मंजुषाने त्यांच्यापुढे अण्णांची वही ठेवली. बोट पाण्यात कधी उतरली, एकाहत्तरच्या युद्धात तिने किती सुरुंग काढले, कुठल्या बंदराची वाट मोकळी केली, शेवटी भंगारात कधी गेली, सगळं तारीखवार, मोत्यासारख्या अक्षरात.

"ही तुम्हीच न्या, काका. मी कितवीत आहे, हे त्यांना दरवर्षी आईला विचारावं लागायचं."

"बोटीवर जळती व्हय गं?" काका हसले.

"जळू नको तर काय? पोटची पोर ती होती, मी नव्हे. शहागंजात बाजाराला न्यायचे, तर स्वतः दहा पावलं पुढे. कधी हात धरला नाही, की वळून बघितलं नाही."

काकांचं हसू मावळलं. "आमची बोट समद्यात म्होरं चालायची, पोरी. सुरुंग असलाच, तर आधी आमच्याखाली फुटंल. बाकीच्या बोटींनी आमच्या मागं मागं यायचं. माणसं सांभाळायची तुझ्या बापाला एवढीच रीत ठाऊक व्हती."

वही उचलायला त्यांनी हात पुढे केला. मंजुषाने ती हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

"राहू द्या, काका," ती म्हणाली. "घरातली थोरली आहे ती."