बोटभर

दोर मिस्त्रींच्या कामाच्या टेबलाखालून ओढून झाला होता, फक्त गाठ मारायची बाकी होती, तेवढ्यात दारात वॉकर खटखटला.

"सोड तो," मिस्त्री म्हणाले.

फर्निचरच्या दुकानदाराने दोर सोडला नाही. त्याने मिस्त्रींच्या मुलीकडे पाहिलं. टेबल विकायचं बोलणं तिच्याशी झालं होतं. मिस्त्री तेव्हा दवाखान्यात होते, डाव्या खुब्यात नवा सांधा बसवून घेत.

"बाबा, तुम्ही आत पडून राहणार होतात."

"पडून राहायला मी काय फळी आहे?"

"टेम्पो उभा आहे बाहेर. मी शब्द दिलाय त्यांना."

"तुझा शब्द ना? मग तुझं टेबल दे."

वाकायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. पाय एका जागी ठेवून कंबर वळवायची नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेलं सगळं मुलीने पुन्हा एकदा म्हणून दाखवलं, पाढ्यासारखं. शेवटी आवाज फाटला. "आणि सांधा निखळला तर? पुन्हा कण्हताना नाही बघवणार मला."

मिस्त्रींनी ऐकून घेतलं. वॉकर उचलला, पुढे टेकवला. दुखरा पाय. मग बरा पाय. असं करत टेबलापाशी आले.

उभे राहिले.

आणि त्यांना कळलं.

टेबल डावीकडे उतरतं होतं. त्यांनीच ते उतरतं केलं होतं. खुबा झिजत गेला, अंग त्या बाजूला कलत गेलं, तसतसे त्यांनी टेबलाचे डावे पाय तासत आणले. कललेल्या माणसाला कललेलं टेबल अगदी सरळ वाटायचं. आता माणूस सरळ झाला होता.

"डॉक्टरने माझा पाय लांब केलाय."

"दोन्ही सारखे आहेत. मापून दाखवले ना त्यांनी?"

"त्यांच्या पट्टीने."

"ऑपरेशनच्या आधी तुमच्या पट्टीने काठी केलीत. पुरतेय का ती आता?"

काठी बोटभर आखूड पडत होती. मिस्त्रींनी काठीचा विषय वाढवला नाही.

दुकानदार खाकरला. "मिस्त्री, रागावू नका. यावर आता रंधा मारायला गेलात तर घसरगुंडी व्हायची. मी नेतो, माल मांडायला होईल. तुम्ही बसा आरामात. खूप केलंत."

खूप केलंत. भेटायला आलेला प्रत्येक जण हेच म्हणून गेला होता. बिस्किटांचा पुडा ठेवायचा आणि म्हणायचं.

"करवत कुठंय?"

"बाबा!"

"हे उलटं करा."

"काय?"

"टेबल. दोघं मिळून उलटं करा. मलाही आडवं केलं होतंच की, कापायच्या आधी."

दुकानदार हसला. हसता हसताच त्याने एक टोक धरलं. मुलगी तशीच उभी राहिली, मिस्त्रींकडे बघत. मिस्त्रींनीही नजर काढली नाही. मग तिने बाह्या सरसावल्या.

टेबल उलटं.

पाय वर.

चारही पाय आढ्याकडे, मिस्त्रींच्या बरोबर कमरेशी.

"वाकलो का?"

मिस्त्रींनी टेबलाच्या एका पायावर थाप मारली.

"वळलो का?"

"जीभ तेवढी वळतेय," मुलगी म्हणाली.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, उजव्या पायांवर रेघ मारली. बोटभर.

"चांगले पाय कशाला कापता?" दुकानदाराला राहवेना. "डाव्यांखाली ठोकळे ठोका, झालं. असं बुटकं होईल की टेबल."

"होऊ दे. माझ्या टेबलाला कुबड्या नकोत."

मुलीने आणून दिलेली करवत घेऊन वॉकर त्यांनी बाजूला सारला. मुलीचा हात आपोआप त्यांच्या पाठीमागे गेला. लागणार नाही, पण पडले तर सापडतील, इतका जवळ.

पुढे.

मागे.

पुढे.

करवत अडकली. खुब्यातून एक कळ निघाली ती थेट गुडघ्यापर्यंत. मिस्त्रींनी डोळे मिटले.

"पुरे, बाबा."

"पाय धर."

"कोणाचा?"

"टेबलाचा, गाढवे!"

तिने धरला. दोन्ही हातांनी, घट्ट.

पुढे, मागे, पुढे, मागे, भुसा तिच्या मनगटांवर, पुढे, मागे,

तुकडा पडला.

दुसऱ्या पायाला जास्त वेळ लागला. मधे मिस्त्री थांबले. थांबलो नाही, पातं तापलंय, असं म्हणाले. पाणी प्यायले. तेही पात्यासाठीच असावं.

टेबल पुन्हा सुलटं झालं. मिस्त्रींनी दोन्ही तळवे त्यावर टेकले, अंगाचं सगळं वजन टाकलं. टेबल हललं नाही. तेही हलले नाहीत. मुलगी मागून बघत होती. त्यांचे दोन्ही खांदे एका रेषेत होते आणि असे खांदे असलेला बाप ती विसरून गेली होती.

"छान," दुकानदार म्हणाला. "म्हणजे मी रिकाम्या हाताने जायचं. टेम्पोवाल्याला काय सांगू?"

मिस्त्री मुलीकडे वळले. आधी पावलं, मग अंग. शिकवलं होतं तसं.

"शब्द दिलायस ना तू त्याला?"

"हो."

"मग ते तुकडे उचल. मला वाकायचं नाही."

तिने उचलले. मिस्त्रींनी फुंकर मारून भुसा उडवला, कडांवरून अंगठा फिरवला आणि दोन्ही तुकडे दुकानदाराच्या हातावर ठेवले.

"घे. एवढंच विकायचंय."