मऊ सोल

लाइलने खोका काउंटरवर ठेवला, पण त्यावरचा हात काढला नाही.

"चौकशीवाल्यांनी परत केले," तो म्हणाला. "उघडू नकोस, ऑर्व्हल. माझं ऐक. मागच्या अंगणात पुरून टाक."

खोक्यात ट्रूडीचे बूट होते. ऑर्व्हलने ते स्वतःच्या हाताने शिवले होते. त्याच बुटांनी बायकोचा जीव घेतला, असं तो आठ आठवडे स्वतःला सांगत होता.

दुकानाच्या दारावर 'पाच मिनिटांत येतो' ही पाटी ऑगस्टपासून लटकत होती. फोन आला त्या दुपारी त्याने ती लावली होती.

"तुझी पाच मिनिटं फार लांबली," लाइल म्हणाला. "अख्ख्या खोऱ्याचे बूट फाटलेत. माझ्या माणसांनी आगीवर अनवाणी जायचं का?"

"शहरात जा म्हणावं, मिसूलाला. तिथल्या मोच्यानं अजून स्वतःच्या बायकोला मारलेलं नाही."

लाइलने मान खाली घातली. जंगलातली आग विझवणाऱ्या तुकडीचा तो प्रमुख. ट्रूडी त्याच्या तुकडीत एकोणीस उन्हाळे होती. गुडघा गेल्यावर तिला पहारा मिळाला. उंच कड्यावर उभं राहायचं, वारा आणि धूर बघायचा, खालच्यांना वॉकीटॉकीवर सांगायचं. शेवटचा माणूस बाहेर पडला असा निरोप येईपर्यंत जागा सोडायची नाही. ट्रूडीने ती कधी सोडली नव्हती.

तुकडीत सगळ्यांच्या बुटांना खोल खाचांचे कडक सोल आणि उंच टाच. उतारावर टाच रुतते, माणूस थांबतो. पण दहा तास उभं राहिलं की ट्रूडीचा गुडघा सुजायचा. घरी आल्यावर ती जिना बसत बसत चढायची. म्हणून मे महिन्यात ऑर्व्हलने तिचे सोल उसवले आणि पांढरे, मऊ, सपाट सोल लावले. पोलादी तुळयांवर उभं राहून काम करणारे लावतात तसे. ते नियमात बसत नव्हते. लाइलने काणाडोळा केला.

"आणि पळायची वेळ आली तर?" बूट घालून बघत ट्रूडीने विचारलं होतं.

"तू कुठे पळतेस? तू तर उभीच असतेस," ऑर्व्हल म्हणाला होता.

"तेही खरंच. पळायचं तर तेवीस वर्षांपूर्वी पळायला हवं होतं, तू अंगठी घेऊन आलास तेव्हा."

लाइलने सांगितलं तसं अहवालात लिहिलं गेलं. वारा फिरला. लाइलने तिला निघायला सांगितलं. ती उतारावरून पळाली, सपाट सोलमुळे घसरली आणि आगीत सापडली. चर्चमध्ये लोकांनी ऑर्व्हलच्या खांद्यावर हात ठेवले. त्याच्या हातांकडे मात्र कुणी बघितलं नाही.

आता त्याने लाइलचा हात बाजूला सारला आणि खोका उघडला.

वरचं चामडं काळं पडून आक्रसलं होतं. चवड्याकडचा भाग तेवढा बरा होता. ट्रूडीला चामड्याची खरखरीत बाजू बाहेर लागायची. गुळगुळीत बुटांना ती 'नाचाचे बूट' म्हणायची. खरखरीत बाजूला लव असते. दगडाला घासलं की ती घासल्या दिशेला झोपते, आणि कितीही ब्रश मारला तरी खूण राहते. ऑर्व्हलने सवयीने अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. लव उभी होती.

त्याने कामाच्या टेबलावरचा दिवा लावला. चष्मा पुसला. बूट उलटा केला.

रबर वितळून पुन्हा थिजलं होतं. त्यात बारीक खडे बसले होते. घसरणाऱ्या बुटाचं तापलेलं रबर ओढलं जातं, खड्यांमागे चरे पडतात. इथे एकही चरा नव्हता. मळलेल्या कणकेत दाणे दाबावेत तसे खडे सरळ आत गेले होते. त्याने दुसरा बूट उलटा केला. तोही तसाच. वजन दोन्ही पायांवर सारखं पडलेलं.

कडक सोलवर यातलं काही उमटलं नसतं.

त्याने दोन्ही बूट काउंटरवर ठेवले. शेजारी शेजारी, मध्ये वीतभर अंतर सोडून.

"ती घसरली नाही, लाइल."

लाइलने रिकाम्या खोक्याचं झाकण लावलं.

"ती पळालीच नाही. एक पाऊलसुद्धा नाही. जमीन तापून रबर विरघळेपर्यंत ती एका जागी उभी होती." ऑर्व्हलचा आवाज चढला नाही. "एकोणीस वर्षांत तुझा एक शब्द मोडला नाही तिनं. तू निघ म्हणालास, आणि ती उभी राहिली?"

लाइलने टोपी काढली. ती हातात फिरवत राहिला. बाहेर लाकडांनी भरलेला ट्रक गेला आणि खिडकीची काच थरथरली.

"वारा फिरल्यावर आम्ही पलीकडच्या अंगानं उतरलो," तो म्हणाला. "सगळे सुखरूप बाहेर आलो. मला वाटलं, दुसरं कुणीतरी बोललं असेल तिच्याशी."

त्याने त्या दोन बुटांकडे बघितलं.

"तिला कळवायचं राहिलं, ऑर्व्हल."