सगळं कार्डावर

ओहायोचा वेंडेल वर्षातून दोनदाच विमानाने जायचा, पण विमान कंपनीचा प्लॅटिनम सदस्य व्हायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं होतं. उडून नाही, कंपनीचं क्रेडिट कार्ड घासून: खर्चलेल्या डॉलरमागे एक पॉइंट, आणि वर्षाच्या आत ठरलेले पॉइंट जमले की प्लॅटिनम. मित्रांसोबत जेवायला गेला की अख्खं बिल हा कार्डावर भरायचा आणि प्रत्येकाकडून रोख गोळा करायचा. घरात चेक बंद, रोख बंद. बायकोच्या पर्समध्येही त्याच खात्याचं दुसरं कार्ड.

सासऱ्यांच्या शवपेटीचे पैसेसुद्धा त्याने कार्डावरच भरले, आणि पाद्री प्रार्थना म्हणत असताना बायकोच्या कानाशी लागून म्हणाला, "लोर्ना, एका झटक्यात चार हजार पॉइंट!"

डिसेंबर संपत आला तरी पाच हजार पॉइंट कमीच होते. दारात गुडघाभर बर्फ असताना त्याने गवत कापायचं नवं यंत्र आणलं, तरी जमेना.

एकतीस तारखेला सकाळी फोनवर मेसेज आला. अभिनंदन, आपण प्लॅटिनम सदस्य झालात! येतं वर्षभर आपल्या जोडीदाराचा प्रवास मोफत.

वेंडेल नाचतच स्वयंपाकघरात शिरला. "झालो गं झालो! पण एवढे पॉइंट मिळाले, असं घेतलंस तरी काय तू?"



"घटस्फोटाच्या वकिलाची फी भरली," लोर्ना आपल्यापुरती कॉफी ओतत म्हणाली. "चेकच देणार होते, पण तुझा नियम आठवला."